डेरी म्हणू की लंडनडेरी?

पत्र

‘मी साताऱ्याची. सप्टेंबरपासून बेलफास्टला एमएससी करते आहे. विषय डेटा अ‍ॅनालिटिक्स, इतिहासाशी संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. जानेवारीच्या शेवटी आमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या एका मंडळाने 1972 च्या ‘ब्लडी संडे’वरचा, म्हणजे इथे नॉर्दर्न आयर्लंडमधल्या एका गावात ब्रिटिश सैन्याने मोर्चावर केलेल्या गोळीबारावरचा, माहितीपट लावला आहे. नंतर चर्चा. मंचावर इतिहासाच्या एक प्राध्यापिका, त्या दिवशी ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांपैकी एक बाई आणि एक निवृत्त पोलिस अधिकारी. माझी फ्लॅटमेट इथलीच. ती ‘चल’ म्हणाली आणि मी हो म्हणून बसले. आता धाकधूक होते. आई म्हणते, परक्यांच्या भांडणात पडू नकोस, उद्या व्हिसाचं काही झालं तर? मला कुठलीच बाजू धड माहीत नाही. कुणी मत विचारलं तर काय सांगू? फोटो काढलेले चालतात का? आणि एक साधी गोष्ट, त्या गावाला डेरी म्हणायचं की लंडनडेरी?’

एक वाचक, बेलफास्ट

उत्तर

तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही ‘साधी गोष्ट’ म्हणून शेवटी टाकला आहे, म्हणून तिथूनच सुरू करू.

शहराचं कायदेशीर नाव आजही लंडनडेरी. लंडनच्या व्यापारी संघांनी तिथे वसाहत उभारली, त्यावरून 1613 च्या राजसनदेत हे नाव आलं. त्याआधीचं नाव डेरी, मूळ आयरिश ‘दोइरे’, म्हणजे ओकच्या झाडांची राई. नगरपालिकेने 1984 मध्ये स्वतःच्या नावातलं ‘लंडन’ काढलं, शहराच्या कायदेशीर नावातलं मात्र तसंच राहिलं. आयर्लंड एक व्हावं असं वाटणारे डेरी म्हणतात. ब्रिटनबरोबर राहावं असं वाटणाऱ्यांतले बरेच जण कागदावर आणि भाषणात लंडनडेरी म्हणतात, पण त्याच शहरात वाढलेले त्यांच्यातलेही कितीतरी जण बोलताना डेरीच म्हणतात. त्या संध्याकाळी त्या कुटुंबातल्या बाईंशी बोलताना डेरी म्हणा, कारण त्या स्वतः तेच म्हणतील. पोलिस अधिकारी लंडनडेरी म्हणाले तर त्यांना प्रश्न विचारताना ‘त्या शहरात’ म्हणून पुढे जा. समोरच्याचा शब्द दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. तिथे शब्द दुरुस्त करणं म्हणजे ‘मी अमुक बाजूची’ असं जाहीर करणं.

हाच नियम आणखी चार शब्दांना लावा. ‘नॉर्दर्न आयर्लंड’ हे तुमच्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला सुरक्षित नाव. ‘द नॉर्थ’, ‘सिक्स काउंटीज’, ‘अल्स्टर’ ही तीनही नावं ऐकू येतील आणि तीनही एकेका बाजूला झुकलेली आहेत. अल्स्टर तर मुळात नऊ काउंट्यांचा प्रांत. त्यांतल्या सहा इकडे आणि तीन सीमेपलीकडे. ‘मेनलँड’ हा शब्द इंग्लंड-स्कॉटलंडसाठी काही जण सहज वापरतात आणि काही जणांना तो टोचतो. तुम्ही ‘इंग्लंड’, ‘स्कॉटलंड’ असं नाव घेऊन बोला. आणि ‘कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट’ हे शब्द ऐकून हा धर्माचा वाद आहे असं समजू नका. वाद या भूभागाने युनायटेड किंग्डममध्ये राहायचं की आयर्लंडला मिळायचं याचा आहे. मिळावं म्हणणारे नॅशनॅलिस्ट, त्यांच्यातले कडवे रिपब्लिकन. राहावं म्हणणारे युनियनिस्ट, त्यांच्यातले कडवे लॉयलिस्ट. चर्चेत हे चारही शब्द भराभर येतील. ते फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवलेत तरी पुरे.

दोन्ही बाजू नीट माहीत नाहीत, ही तुमची अडचण एका संध्याकाळची आहे. दीड तास काढा. अल्स्टर विद्यापीठाचा ‘केन’ नावाचा ऑनलाइन दस्तऐवज-संग्रह आहे. त्यात तारीखवार घटना, मृतांच्या याद्या, अहवाल, भित्तिचित्रांचे फोटो असं सगळं फुकट वाचायला मिळतं. तिथे 1968 ते 1972 एवढीच कालरेषा वाचा. शोधताना वर्ष टाकायला विसरू नका. ‘ब्लडी संडे’ एकापेक्षा जास्त आहेत. दुसरा 21 नोव्हेंबर 1920 चा, डब्लिनमधला, तिथल्या क्रोक पार्क मैदानावर गेलिक फुटबॉलच्या सामन्यात झालेल्या गोळीबाराचा. वर्ष टाकलं नाही तर दोन्हींची सरमिसळ होते आणि चर्चेत नेमकी तीच चूक वर येते.

निदान एवढं घेऊन जा. आयर्लंडची फाळणी 1921 मध्ये झाली आणि सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या. तिथे घरं, नोकऱ्या आणि मतांचा अधिकार यांत कॅथलिकांशी भेदभाव होत होता, म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली. 1969 मध्ये ब्रिटिश सैन्य रस्त्यावर उतरलं. 9 ऑगस्ट 1971 पासून खटला न चालवता स्थानबद्ध करायला सुरुवात झाली, आणि पहिल्या धडक कारवाईत उचललेले जवळपास सगळे कॅथलिक होते. त्याविरुद्धचा मोर्चा 30 जानेवारी 1972 रोजी, रविवारी, डेरीच्या क्रेगन वस्तीतून निघाला. जायचं होतं गिल्डहॉलच्या, म्हणजे नगरभवनाच्या, चौकात. वाटेत सैन्याने अडथळे उभे केले होते, म्हणून मोर्चा विल्यम स्ट्रीटवरून बॉगसाइड या वस्तीकडे वळला. काही पोरं अडथळ्यापाशी थांबून दगडफेक करत राहिली. चार वाजून गेल्यावर पॅराशूट रेजिमेंटची पहिली बटालियन आत घुसली आणि साधारण दहा मिनिटांत शंभराहून जास्त गोळ्या झाडल्या गेल्या. 13 जण त्याच दिवशी मेले.

आकड्याचा घोळ इथेच होतो. काही जण 13 म्हणतील, काही 14. चौदावे गृहस्थ जखमी झाले होते आणि त्याच वर्षी जूनमध्ये वारले. कुटुंबं त्यांना धरून 14 मोजतात. पुढे झालेल्या चौकशीने त्यांचा मृत्यू गोळीच्या जखमेमुळे झाला नाही असा निष्कर्ष काढला. म्हणून ‘तेरा की चौदा’ हे बरोबर-चूक करत बसू नका. बाई 14 म्हणाल्या तर 14.

पहिली चौकशी लॉर्ड विजरी यांची. अकरा आठवड्यांत अहवाल आला. काही गोळीबार बेदरकारपणाच्या जवळ जाणारा होता एवढं म्हणून सैनिकांना बहुतांशी मोकळं सोडलं. त्या अहवालाचं नाव डेरीत आजही शिवीसारखं घेतात. दुसरी चौकशी लॉर्ड सॅव्हिल यांची. ती जानेवारी 1998 मध्ये जाहीर झाली आणि अहवाल आला 15 जून 2010 रोजी. दहा खंड, सुमारे 5,000 पानं, खर्च जवळपास 20 कोटी पौंड. निष्कर्ष असा, की मारल्या गेलेल्यांपैकी कुणापासूनही जिवाला धोका नव्हता. त्याच दिवशी पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी संसदेत माफी मागितली आणि गिल्डहॉलच्या चौकात जमलेल्या लोकांनी ती मोठ्या पडद्यावर पाहिली. माहितीपट कुठलाही असो, शेवट बहुधा याच चौकात होतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. ‘सोल्जर एफ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका माजी सैनिकावर खुनाचा खटला भरला गेला आणि 2025 च्या ऑक्टोबरमध्ये बेलफास्टच्या न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. चित्रपट जुना असेल तर हे त्यात नसेल. चर्चेत मात्र पहिल्या पाच मिनिटांत निघेल. तो कुठल्या वर्षीचा आहे हे म्हणूनच आधी पाहून ठेवा. 2010 च्या आधीचा, 2010 ते 2025 मधला आणि त्यानंतरचा, या तिघांचे सूर वेगळे असतात.

आता पडद्याकडे बघायचं कसं. खरं चित्रण आणि पुन्हा रचून घेतलेलं चित्रण वेगळं ओळखा. तो दिवस वृत्तवाहिन्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपलेला आहे. एक दृश्य तुम्हाला हमखास दिसेल. वाकून चालणारा एक पाद्री, हातात रक्ताने माखलेला पांढरा रुमाल, तो हलवत पुढे येतो आहे, आणि मागे चार जण एका पोराला उचलून आणत आहेत. पोरगा म्हणजे 17 वर्षांचा जॅकी डडी. पाद्री फादर एडवर्ड डेली, जे पुढे डेरीचे बिशप झाले. ते खरं चित्रण आहे. तो पोरगा खरंच मरतो आहे. हे आधी माहीत असलेलं बरं, कारण त्या क्षणी सभागृहात पसरणारी शांतता नवख्या माणसाला गोंधळात टाकते. पॉपकॉर्नचा कागद त्या वेळी वाजू देऊ नका, इतकंच.

दुसरी एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल प्रोजेक्टर बिघडला. 1988 ते 1994 च्या दरम्यानच्या बातम्यांची चित्रफीत लागली आणि त्यात शिन फेन या रिपब्लिकन पक्षाचे नेते बोलताना दिसले, तर ओठ एकाचे आणि आवाज दुसऱ्याचा असू शकतो. थॅचर सरकारने ऑक्टोबर 1988 मध्ये काही संघटनांच्या प्रतिनिधींचा आवाज प्रसारित करण्यावर बंदी घातली होती. चेहरा चालेल, शब्द चालतील, आवाज चालणार नाही. मग वाहिन्यांनी नट बसवले. नेता बोलतो तेव्हा नट तेच शब्द वाचायचा, काही नट तर ओठांशी अचूक जुळवून. बंदी सप्टेंबर 1994 मध्ये उठली. चर्चेत विचारण्यासारखा एक फार चांगला प्रश्न यातच आहे, तो पुढे सांगतो.

डेरीची बोली वेगवान आहे आणि जुन्या मुलाखतींचा आवाज घोगरा. खाली सबटायटल असणार का, हे आयोजकांना चार दिवस आधी ईमेलने विचारा. बऱ्याचदा फाइल त्यांच्याकडे असते, फक्त कुणी मागितलेली नसते म्हणून लावत नाहीत. ‘पीलर’ म्हणजे पोलिस, ‘पॅरा’ म्हणजे पॅराशूट रेजिमेंटचा सैनिक, ‘आरयूसी’ म्हणजे तेव्हाचं पोलिस दल (2001 पासून त्याचं ‘पीएसएनआय’ झालं), ‘प्रोव्हो’ म्हणजे प्रोव्हिजनल आयआरए, रिपब्लिकनांची सशस्त्र संघटना. आणि ‘वी’ म्हणजे छोटंसं. ते प्रत्येक वाक्यात येईल, त्याचा राजकारणाशी काही संबंध नाही.

खुर्ची मधल्या रांगेच्या कडेची घ्या. दृश्य सहन झालं नाही तर कुणाचे गुडघे न ओलांडता बाहेर पडता येतं. बाहेर पडणं तिथे कुणी अपमान मानत नाही. चित्रपट संपताच चर्चा सुरू व्हायच्या आत उठून निघून जाणं मात्र डोळ्यांवर येतं, विशेषतः मंचावर त्या बाई बसलेल्या असताना. फक्त चित्रपटच बघायचा असेल तर फ्लॅटमेटला आधी सांगा आणि मागे बसा. ‘बाजू’ बघून बसायचं असतं का, अशी शंका तुमच्या मनात असेल तर ती काढून टाका. सभागृहात तशा बाजू नसतात.

चर्चेचं गणित सोपं आहे. समजा 45 मिनिटं ठेवली आहेत. तिघांनी सात-सात मिनिटं घेतली की 21 गेली. उरली 24, म्हणजे जास्तीत जास्त आठ प्रश्न, आणि त्यांतले दोन-तीन प्रश्न नसतातच, भाषणं असतात. म्हणून तुम्हाला काही विचारायचं असेल तर अर्ध्या मिनिटात संपेल असं कागदावर लिहून न्या आणि पहिल्या तीनात हात वर करा. शेवटच्या दहा मिनिटांत माइक बहुधा तापलेल्या माणसाच्या हातात असतो.

प्रश्न बोटभर असू द्या. ‘हा वाद कधी मिटेल’, ‘चूक कुणाची’ हे प्रश्न तिथल्या लोकांनी पन्नास वर्षं ऐकले आहेत. त्याऐवजी: अमुक दृश्यात कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा होता? आवाजबंदीच्या काळात डेरीतल्या घरांत या बातम्या कशा ऐकल्या जात? विजरीपासून सॅव्हिलपर्यंत 38 वर्षं कुटुंबांनी कागदपत्रं कुठे जपली? हा शेवटचा प्रश्न त्या बाईंना विचारा. तो विचारताना ‘तुम्हाला काय वाटलं’ म्हणू नका, ‘तुम्ही काय केलंत’ म्हणा. दुःखाबद्दल त्यांना सगळेच विचारतात. कामाबद्दल फार कमी जण विचारतात, आणि खरी गोष्ट तिथे असते. पोलिस अधिकाऱ्यांनाही असंच काहीतरी ठोस विचारा. त्या दलाचे तीनशेच्या आसपास लोक या संघर्षात मारले गेले, तेव्हा तेही तिथे केवळ ‘सरकारी बाजू’ म्हणून बसलेले नसतील.

आता ती चूक, जी आपल्याकडची मुलं प्रेमाने करतात. माइक हातात आला की वाक्य येतं: ‘मी भारतातून आले, इंग्रजांनी आम्हालाही असंच छळलं, जालियनवाला बागेत हेच झालं.’ हेतू आपुलकीचा असतो. पण 2021 च्या जनगणनेत या प्रदेशातले 45.7 टक्के लोक कॅथलिक पार्श्वभूमीचे आणि 43.5 टक्के प्रोटेस्टंट वा इतर ख्रिस्ती पार्श्वभूमीचे निघाले, आणि या दुसऱ्या गटातले बहुतेक जण स्वतःला ब्रिटिशच म्हणतात. संघर्ष थांबवणाऱ्या 1998 च्या गुड फ्रायडे कराराने इथे जन्मलेल्याला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क दिला आहे. तुमच्या त्या एका वाक्याने शेजारच्या खुर्चीवरचा तुमच्याच वर्गातला मुलगा ‘छळणारा’ होऊन बसतो. कदाचित तुमची फ्लॅटमेटसुद्धा.

शिवाय तुलना वाटते तितकी सरळ नाही. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर असलेला आणि डायरची पाठराखण करणारा मायकेल ओड्वायर हा टिपरेरीचा आयरिश कॅथलिक होता. डायर स्वतः काही काळ कॉर्कजवळ शाळेत होता. आणि त्याच्या उलट, 1920 मध्ये आयर्लंडमधल्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून जालंधर आणि सोलनच्या छावण्यांत ब्रिटिश सैन्यातल्या कनॉट रेंजर्स पलटणीच्या आयरिश सैनिकांनी बंड केलं, आणि त्यात जेम्स डेली याला गोळ्या घालून मारलं गेलं. दोन्ही गोष्टी खऱ्या. अर्ध्या मिनिटात यातली एकच सांगता येते, म्हणून माइकवर एकही सांगू नये. चर्चा संपल्यावर चहाच्या कपाशी खुशाल सांगा. तिथे तुमच्याजवळ आपल्या घरचा एक धागाही आहे. टिळकांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली. ते ‘होमरूल’ नाव आयर्लंडकडूनच उचललेलं, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. ही गोष्ट कुणाला दुखवत नाही आणि ऐकणाऱ्याला बहुधा नवी असते.

‘मग ब्लडी फ्रायडेचं काय?’ असं कुणीतरी विचारेलच. 21 जुलै 1972, बेलफास्टमध्ये आयआरएने तासा-सव्वातासात वीसेक बॉम्ब उडवले, नऊ जण मेले. ‘याचं काय, त्याचं काय’ करण्याला तिथे ‘व्हॉटअबाउटरी’ म्हणतात. सत्तरच्या दशकात आयर्लंडच्या वृत्तपत्रांतूनच हा शब्द रुळला. सूत्रसंचालकाला ते रोजचं आहे. तुम्ही मान डोलावू नका, डोळे फिरवू नका. प्रश्न विचारणाऱ्याच्या घरातलं कुणी त्या दिवशी गेलं असू शकतं. या संघर्षात साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंना रिपब्लिकन संघटना, साधारण तीस टक्क्यांना लॉयलिस्ट संघटना आणि दहा टक्क्यांना सुरक्षा दलं जबाबदार होती, असं ‘केन’वरच्या यादीत दिसतं. पोपटपंचीसाठी हे आकडे वापरू नका. पण टाळ्या कुठे वाजतात आणि कुठे वाजत नाहीत, हे त्यांच्यामुळे कळतं.

तुमचं मत कुणी विचारलंच तर: ‘मी ऐकायला आले, चित्रपटात अमुक गोष्ट मला पहिल्यांदा कळली.’ यात लपवाछपवी काही नाही. बाहेरून आलेल्याने असंच उत्तर द्यावं अशी तिथल्या लोकांची अपेक्षा असते. तिथे एक जुना विनोद आहे. परदेशी माणूस सांगतो, मी हिंदू. समोरचा म्हणतो, ते ठीक, पण कॅथलिक हिंदू की प्रोटेस्टंट हिंदू? कुणी तुम्हाला ऐकवला तर हसा. तुम्ही स्वतः मात्र कुणाला ‘तू कुठली’ विचारू नका. नाव, शाळा, पत्ता यांवरून ते एकमेकांना ओळखतात आणि ती ओळख मुद्दाम न उच्चारणं हाच तिथला शिष्टाचार आहे. फ्लॅटमेटलाही नाही, तिने आपणहून सांगेपर्यंत.

कपड्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण तारखा पाहता सांगायला हवं. 26 जानेवारीला भारतीय विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात लावलेला तिरंग्याचा बिल्ला कोटावर तसाच राहतो. केशरी, पांढरा, हिरवा. आयर्लंडचा झेंडा हिरवा, पांढरा, नारिंगी. अंधाऱ्या सभागृहात, दोन बोटांच्या बिल्ल्यात, फरक कुणाला दिसणार? बिल्ला घरी काढून ठेवा. भगवी शाल घेऊन गेलात तर तिचा अर्थ आणखी उलटा लागू शकतो, कारण नारिंगी हा तिथे ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट युनियनिस्टांच्या संघटनेचा रंग. ग्लासगोच्या दोन फुटबॉल संघांच्या जर्सी, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची सेल्टिकची आणि निळी रेंजर्सची, दोन्ही कपाटात. राखाडी स्वेटर उत्तम.

फोटो. पडद्याचा नाही, मंचाचा नाही, आणि त्या पोलिस अधिकाऱ्यांचा तर कधीच नाही. युद्धबंदीला पंचवीस वर्षं उलटून गेल्यावरही, फेब्रुवारी 2023 मध्ये, ओमा गावात कामावर नसलेल्या एका पोलिस अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले. त्या दलातली माणसं आपली ओळख, पत्ता, येण्याजाण्याच्या वेळा आजही जपतात. तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो कुठे फिरेल हे तुमच्या हातात नाही. सुरुवातीला सूत्रसंचालक ‘चॅटहॅम हाउस रूल’ म्हणाले तर अर्थ असा: इथे ऐकलेलं बाहेर सांगता येईल, पण कोण म्हणालं ते सांगायचं नाही. आणि ‘सोल्जर एफ’चं खरं नाव सभागृहात कुणी मोठ्याने घेतलं, तरी ते टाइप करून कुठेही टाकू नका. न्यायालयाने त्याची ओळख गुप्त ठेवली आहे आणि तो आदेश मोडणं हा न्यायालयाचा अवमान ठरू शकतो.

आईंना काय सांगायचं? विद्यापीठातला चित्रपट बघणं आणि चर्चेला बसणं यात बेकायदा काही नाही आणि व्हिसाशी त्याचा संबंध नाही. संबंध येतो तो पुढच्या पायरीवर. आयआरए आणि लॉयलिस्टांच्या यूव्हीएफ, यूडीए या सशस्त्र संघटनांवर ब्रिटनच्या 2000 च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आहे. त्यांना पाठिंबा मागणं किंवा पाठिंब्याचा संशय येईल असं चिन्ह अंगावर मिरवणं हा गुन्हा आहे. कार्यक्रमानंतर पबमध्ये ‘अप द रा’ अशी आरोळी असलेलं गाणं सुरू झालं तर तुम्ही गाऊ नका. ‘रा’ म्हणजे आयआरए. चाल इतकी सोपी आहे की परदेशी पोरं दुसऱ्या कडव्याला सामील होतात. 2022 मध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने विजयाच्या भरात ते गायलं आणि जाहीर माफी मागावी लागली. दारात सही मागितली तर कागदाचा मथळा वाचा: हजेरीपट असेल तर करा, निवेदन असेल तर आधी पूर्ण वाचा. देणगीचा डबा फिरला तर पैसे कुणाला जाणार हे विचारून मगच टाका.

आईंची भीती एका ठिकाणी मात्र अगदी खरी ठरू शकते. चित्रपट पाहून मंडळी भारावतात आणि ठरतं, शनिवारी डेरीला जाऊ. जरूर जा. बेलफास्टहून रेल्वेने साधारण दोन तास, बॉगसाइडमधलं फ्री डेरीचं संग्रहालय बघा, तिथे त्या मोर्चातला रक्ताचे डाग पडलेला फलक जपून ठेवलेला आहे. पण जेवणानंतर कुणीतरी म्हणतं, गाडी आहेच, पंधरा मिनिटांवर डोनेगलचा किनारा आहे, चला. रस्त्यात चौकी नाही, फाटक नाही, मैलांच्या पाट्या किलोमीटरच्या होतात एवढाच फरक. तिथे तुम्ही आयर्लंड प्रजासत्ताकात शिरलेल्या असता. फ्लॅटमेटला त्यासाठी काही लागत नाही. तुमच्याकडे ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा आहे आणि तो तिकडे चालत नाही, त्यासाठी आयरिश व्हिसा वेगळा काढावा लागतो. सीमेपलीकडच्या बसमध्ये अधूनमधून कागद तपासतात. तो काढला नसेल तर गाडीतून डेरीतच उतरा आणि संध्याकाळच्या गाडीने परत या.